मेंदूतली दुसरी निम्मी वस्ती

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात, धडधाकट माणसं पायांतलं बळ गेल्यामुळे रुग्णालयात दाखल होऊ लागली. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते. मग पायांना मुंग्या आल्या, जिना चढता येईना, काहींना तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. आठवड्याभरात ‘जीबीएस’ ही अक्षरं घरोघरी पोचली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, विहिरी आणि पाण्याच्या टाक्या तपासल्या गेल्या. बातम्यांत एक वाक्य मात्र सगळीकडे तेच होतं : या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते.

नसांवर म्हणजे नेमकं कशावर? दहावीच्या विज्ञानात काढलेली चेतापेशीची आकृती अनेकांना आठवत असेल. एका बाजूला फांद्या फुटलेल्या वृक्षिका, मधे पेशीकाय, तिथून निघालेला लांब अक्षतंतू आणि त्यावर तुकड्यातुकड्यांनी चढवलेलं मायलिनचं आवरण. गुण मिळतात ते नावं बरोबर लिहिल्याचे. पण ते आवरण म्हणजे चेतापेशीचा भाग नसून दुसऱ्याच एका जिवंत पेशीचं अंग आहे, हे आकृती पाहून कळत नाही. जीबीएसच्या एका प्रकारात हल्ला होतो तो या दुसऱ्या पेशीवर. दुसऱ्या प्रकारात तो थेट अक्षतंतूवर होतो, तोही दोन आवरणांमधल्या उघड्या फटीपाशी. रुग्ण किती लवकर उठून बसेल हे बऱ्याच अंशी यावरच ठरतं.

चेतासंस्थेची गोष्ट गेली सव्वाशे वर्षं चेतापेशींची गोष्ट म्हणून सांगितली गेली. ती चुकीची नाही, अर्धी आहे. आणि ती अर्धी का राहिली याचं उत्तर बरंचसं तंत्रात आहे. प्रत्येक पिढीला मेंदूत तेच दिसलं, जे तिच्या रंगद्रव्याने रंगवलं.

आधी रचनेचा नकाशा. कवटीतला मेंदू आणि मणक्यांच्या पोकळीतला मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या, त्यांच्या गाठी आणि फाटे म्हणजे परिघीय चेतासंस्था. मेरुरज्जू जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पोकळीत असतात त्या फक्त चेतामुळांच्या सुट्या बटा. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही आपल्याकडची भीती म्हणूनच निराधार आहे. सुई घालतात ती मेरुरज्जू संपल्यानंतरच्या जागी. पुण्यातल्या रुग्णांचं निदान करताना या पाण्यालाही महत्त्व होतं. जीबीएसमध्ये त्यातली प्रथिनं वाढतात, पेशी मात्र वाढत नाहीत.

हा नकाशा पुस्तकात नीटनेटका दिसतो. पेशी तो पाळत नाहीत. उघड्या पायाच्या अंगठ्याला जमिनीचा स्पर्श कळवणारी पेशी घ्या. तिचा पेशीकाय कमरेपाशी, मणक्याशेजारच्या गाठीत असतो आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही नसतो. त्यातून एकच दांडा निघतो. त्याचा एक फाटा अंगठ्यापर्यंत जातो, दुसरा मेरुरज्जूतून थेट मेंदूच्या देठापर्यंत चढतो. उंच माणसात या एका पेशीची लांबी दीड मीटरच्या आसपास जाते. मध्यवर्ती आणि परिघीय अशा दोन्ही खात्यांत तिचं नाव लागतं.

एवढ्या लांब पेशीचा संसार चालवणं अवघड असतं. अंगठ्याकडच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं कमरेजवळ तयार होतात आणि अक्षतंतूच्या आतल्या सूक्ष्म नलिकांवरून ओढत नेली जातात. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत, संथ वाहतुकीचा दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर. मधुमेहात बधिरपणा आधी पायांच्या बोटांना येतो आणि मोज्यासारखा वर चढत जातो, कारण सर्वांत लांब तंतूंना सर्वांत आधी ताण पडतो. टोकाकडून पेशीकायाकडे परतणारी वाहतूकही असते आणि रेबीजचा विषाणू नेमका तिच्यावर स्वार होतो. चावा चेहऱ्यावर असेल तर मेंदूचं अंतर थोडं, म्हणून धोका अधिक आणि हाताशी असलेला वेळ कमी. पिसाळलेल्या प्राण्यांच्या चेतापेशींमध्ये दिसणारे खास ठिपके १९०३मध्ये आदेल्की नेग्री यांनी शोधले. ते इटलीत पाविया इथे कामिलो गोल्जी यांच्या प्रयोगशाळेत काम करत. गोल्जींकडे आपण येणारच आहोत.

स्वायत्त चेतासंस्था हृदय, रक्तवाहिन्या, घाम, आतडी सांभाळते. तिच्याबद्दलचा एक मोठा धडा महाडमधून आला. कोकणातल्या लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या विद्युतभारित कणांच्या वाटा बिघडवतं. स्वायत्त तंतू बेभान होऊन रसायनं ओततात, रक्तदाब भडकतो, फुप्फुसांत पाणी भरतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून हा क्रम टिपला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर चालतं हे दाखवलं. विंचूदंशाच्या मृत्यूंचं प्रमाण त्यानंतर झपाट्याने उतरलं. आतड्यांच्या भिंतीतही १० कोटींहून अधिक चेतापेशी असतात आणि त्या मेंदूला न विचारता बरंच काम उरकतात. मात्र आतड्यांना ‘दुसरा मेंदू’ म्हणत विकल्या जाणाऱ्या दही-चूर्णांचा या पेशींशी संबंध जोडण्याआधी पुरावा मागावा.

आता गोल्जी. १८७३मध्ये ते मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो इथल्या जुनाट रुग्णांच्या रुग्णालयात डॉक्टर होते. तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की काही पेशी पिवळट पार्श्वभूमीवर टोकापर्यंत काळ्या उमटतात, हे त्यांना आढळलं. गंमत ‘काही’ या शब्दात आहे. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काळा गोळा दिसला असता. भरगच्च यात्रेत मोजक्याच माणसांवर गुलाल पडावा आणि तेवढीच उंचावरून ओळखू यावीत, तसं हे तंत्र होतं. नेमक्या त्याच पेशी का रंगतात, याचा पक्का उलगडा आजही झालेला नाही.

स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी अशी काचपट्टी १८८७मध्ये माद्रिदला पाहिली आणि झपाटल्यासारखं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात पक्ष्यांच्या लहान मेंदूवरचा लेख छापला. गोल्जींना वाटत होतं की सगळे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळं बनतं. त्यांच्याच तंत्राने काहालना उलटं दिसलं : प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती दुसरीला भिडते पण तिच्यात विरघळत नाही. १८९१मध्ये वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन म्हटलं. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जींनी आपल्या नोबेल व्याख्यानातच न्यूरॉन सिद्धान्तावर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी काहाल त्याच व्यासपीठावर बोलले. वादाचा निकाल लागायला पन्नासच्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. दोन पेशींमध्ये खरोखरच फट होती, सुमारे २० नॅनोमीटरची.

या फटीला शेरिंग्टन यांनी १८९७मध्येच सिनॅप्स हे नाव देऊन ठेवलं होतं. ती फट ओलांडायला वीज पुरत नाही, रसायन लागतं, हे ओटो लोवी यांनी १९२१मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. पहिल्या हृदयाची चेता उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर ओतलं, तेही मंदावलं. आपल्या शेतकऱ्याला हीच फट सापाच्या विषातून भेटते. नागाचं विष स्नायूवरच्या ग्राहकांना जाऊन चिकटतं, त्यामुळे आलेला निरोप स्नायूला घेता येत नाही. मण्यारचं विष अलीकडच्या काठावर, चेतातंतूच्या टोकालाच उद्ध्वस्त करतं. म्हणून मण्यारच्या दंशात उशिरा दिलेलं प्रतिविष लुळेपणा उलटवू शकत नाही आणि नवी टोकं फुटेपर्यंत रुग्णाला श्वासयंत्रावर तगवावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दिकी यांनी सीमोर बेंझर यांच्यासोबत १९७६मध्ये ऊब लागताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या चेतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ‘कोमॅटोज’ या उत्परिवर्तनाचं जनुक पुढे सापडलं, तेव्हा पेशीतल्या रसायनांच्या पुटिकांची वाहतूक चालू ठेवणारं एक कळीचं प्रथिन त्यातून तयार होतं असं निघालं. अशा पुटिकांच्या वाहतुकीवरच्या कामाला २०१३चं नोबेल मिळालं.

चेतापेशीचं मोठेपण निर्विवाद आहे. पण सोबत एक आकडा पुस्तकांत घुसला : मेंदूत १०,००० कोटी चेतापेशी आणि त्यांच्या दहापट ग्लिया, म्हणजे चेतापेशींना सोबत करणाऱ्या पेशी. दहापट कोणी मोजल्या, याचा माग काढणाऱ्यांना भक्कम मोजणी सापडली नाही. मेंदूचे पातळ काप घेऊन थोड्या जागेतल्या पेशी मोजायच्या आणि गुणाकार करायचा, ही जुनी रीत फसवी होती, कारण मेंदूत पेशींची दाटी जागोजागी बदलते. ब्राझीलच्या सुझाना एर्क्युलानो-हौझेल यांनी सरळ मार्ग काढला. मेंदूचा भाग घोटून त्याचं एकजीव द्रावण करायचं, त्यात पेशी फुटतात पण केंद्रकं शाबूत राहतात, आणि मग चेतापेशींची केंद्रकं वेगळी रंगवून मोजायची. २००९मध्ये त्यांच्या गटाने चार पुरुषांच्या मेंदूंवरून निष्कर्ष मांडला : सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि सुमारे ८,५०० कोटी इतर पेशी. म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे. या ‘इतर’मध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशीही आल्या, तेव्हा ग्लिया त्याहूनही कमीच.

या मोजणीतला दुसरा निष्कर्ष मला अधिक चक्रावणारा वाटतो. ८,६०० कोटींपैकी सुमारे ६,९०० कोटी चेतापेशी लहान मेंदूत आहेत, आणि लहान मेंदूचं वजन एकूण मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. विचार, भाषा, स्मृती यांचं श्रेय ज्याला मिळतं त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यपटलात अवघ्या १,६०० कोटी. प्रमाणही जागेनुसार उलटंपालटं होतं. लहान मेंदूत चार चेतापेशींमागे एक इतर पेशी. मोठ्या मेंदूत आतल्या पांढऱ्या भागासह मोजलं तर एका चेतापेशीमागे जवळजवळ पावणेचार. ‘मेंदूतलं प्रमाण’ असा एकच आकडा सांगणं म्हणूनच फारसं अर्थपूर्ण नाही. आइनस्टाइनच्या मेंदूत ग्लिया जास्त होत्या म्हणून तो बुद्धिमान, ही कथा तर सोडूनच द्यावी. १९८५च्या त्या अभ्यासात चार जागा तपासल्या होत्या, फरक एकाच जागी सापडला, आणि आइनस्टाइन होता एकच.

लहान मेंदूत इतक्या पेशी करतात काय? त्यांतल्या बहुतेक अगदी चिमुकल्या कणपेशी असतात. त्यांच्या समांतर तंतूंवर पुरकिन्ये पेशी आपला सपाट पिसारा पसरून बसते आणि लाखाहून अधिक सिनॅप्समधून निरोप गोळा करते. या पेशी झडू लागल्या की चाल डगमगते, बोलणं अडखळतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम करणारे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१मध्ये काही भारतीय कुटुंबांत अशा आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. त्यात डोळ्यांची झेपावणारी हालचाल विलक्षण मंद होत होती. पुढे १९९६मध्ये या आजाराचं जनुक सापडलं. आज तो एससीए-२ म्हणून ओळखला जातो आणि मंद नजर ही त्याची ओळखखूण मानली जाते.

ग्लिया म्हणजे एक पेशी नव्हे. १८५६मध्ये विर्शो यांनी ही मंडळी केवळ भरणी म्हणून नोंदवली. त्यांच्यातले प्रकार वेगळे करायला पुन्हा नवं रंगद्रव्य यावं लागलं. काहाल यांच्याच वर्तुळातले पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराची आपली पद्धत वापरून १९१९मध्ये मायक्रोग्लिया दाखवल्या आणि पाठोपाठ मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट. काहालना या प्रकरणात जे नीट रंगवता आलं नव्हतं, ते शिष्यवत माणसाने दाखवलं. दोघांत बिनसलं आणि ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. ज्या काहालांनी गोल्जींचा हट्ट सोसला, त्यांनीच हे करावं!

ॲस्ट्रोसाइट ही ताऱ्यासारखी पेशी एका हाताने रक्तवाहिनीला आणि दुसऱ्याने सिनॅप्सला धरून असते. सिनॅप्समध्ये सांडलेलं ग्लुटामेट ती उचलते; ते साचलं तर चेतापेशी उत्तेजित होऊन मरतात. बाहेर साठलेलं पोटॅशियमही तीच हटवते. माणसाचे ॲस्ट्रोसाइट उंदराच्या ॲस्ट्रोसाइटपेक्षा रुंदीने अडीचपटीहून मोठे असतात. २०१३मध्ये मानवी ग्लियाच्या पूर्वपेशी उंदरांच्या मेंदूत रुजवल्या, तेव्हा ते उंदीर काही चाचण्यांत लवकर शिकले. रुग्णांच्या दृष्टीने आणखी मोलाची गोष्ट अशी की दृष्टिचेता आणि मेरुरज्जूला सूज आणणारा एक आजार अनेक वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार मानला जात होता. या शतकाच्या सुरुवातीला कळलं की त्यात प्रतिपिंडांचं लक्ष्य मायलिन नसतंच. ॲस्ट्रोसाइटवरची पाण्याची वाट म्हणजे ॲक्वापोरिन-४ हे ते लक्ष्य. स्क्लेरोसिसची काही औषधं या रुग्णांना अपाय करतात. हल्ला कोणत्या पेशीवर आहे हे कळणं म्हणजे निव्वळ पांडित्य नव्हे, ते असं.

अर्थात ग्लियाच्या नावावर अतिउत्साहही खपतो. झोपेत ॲस्ट्रोसाइटच्या मदतीने मेंदू ‘धुतला’ जातो, हा २०१२पासून गाजलेला सिद्धान्त आरोग्यविषयक सदरांतून सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो. २०२४मध्ये एका ब्रिटिश गटाने उंदरांत नेमकं उलटं, म्हणजे झोपेत हा निचरा मंदावतो, असं मांडलं. वाद चालू आहे. झोप नीट घ्यावी, पण त्यासाठी या सिद्धान्ताची साक्ष काढण्याची गरज नाही.

मायक्रोग्लिया मुळात मेंदूच्या कुळातल्या नाहीत. उंदरांवरच्या २०१०च्या अभ्यासात दिसलं की गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतककोशातल्या रक्तपेशींच्या पूर्वजांमधून त्या येतात आणि मेंदूत कायमच्या स्थायिक होतात. आजार आला की जाग्या होतात, एरवी झोपलेल्या, अशी त्यांची ख्याती होती. २००५मध्ये जिवंत उंदराच्या कवटीतून पाहिलं, तर त्या सतत फांद्या हलवून आजूबाजूची चाचपणी करत होत्या. वाढत्या मेंदूतले जास्तीचे सिनॅप्स छाटण्यात त्यांचा हात असतो. अल्झायमरची जोखीम वाढवणाऱ्या जनुकांपैकी बरीच याच पेशींत काम करतात. त्यातलं टीआरईएम-२ हे २०१३मध्ये पुढे आलं. स्मृतिभ्रंशाचं कारण चेतापेशींतच शोधायचं, ही सवय त्यामुळे मोडली.

आता मायलिनकडे, म्हणजे सिंहगड रस्त्याकडे. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून निरोप सेकंदाला अर्धा ते दोन मीटर वेगाने सरकतो. माखली माशाने वेग वाढवायला तंतूच जाड केला. त्याचा जवळपास अर्धा मिलिमीटर जाडीचा अक्षतंतू सेकंदाला सुमारे २५ मीटर वेग गाठतो, आणि त्याच्यावरच हॉजकिन आणि हक्सली यांनी विद्युतस्पंदाचं गणित १९५२मध्ये मांडलं. माणसाचा मायलिन चढलेला तंतू त्याच्या पंचवीसपट बारीक असूनही सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो, कारण स्पंद आवरणाच्या एका फटीतून पुढच्या फटीत उडी घेत जातो. इतका वेग जाडीतून मिळवायचा असता तर आपला मेरुरज्जू पाठीत मावलाच नसता. मेंदूत आणि मेरुरज्जूत हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट चढवते आणि एकटी काही डझन तुकडे सांभाळते. त्याबाहेर, हातापायांच्या चेतांमध्ये, एका तुकड्याला एक श्वान पेशी.

कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्यकवचातली शर्करायुक्त स्निग्ध द्रव्यं चेतांच्या पटलावरच्या द्रव्यांसारखी दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग चेतांनाच जाऊन धरतात. जीबीएसचं वर्णन १९१६चं, पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांचं. हे साधर्म्य कळायला पुढची सात-आठ दशकं गेली. फक्त आवरण उतरलं असेल तर श्वान पेशी ते पुन्हा चढवतात आणि रुग्ण काही आठवड्यांत सावरू लागतो. अक्षतंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

श्वान पेशीची आणखी एक गाठ आपल्या मातीत पक्की बसलेली आहे. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी नॉर्वेत पाहिला तो १८७३मध्येच, गोल्जींच्या काळ्या रंगाच्याच वर्षी. हा जंतू श्वान पेशीच्या आत राहतो. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून कातडीलगतच्या चेता आधी पकडल्या जातात. कोपराच्या आतल्या बाजूची चेता जाड होऊन बोटाला दोरीसारखी लागते, करंगळीकडची बोटं आत वळतात, चट्ट्याला स्पर्श कळत नाही. झडलेली बोटं जंतू खात नाही. वेदना न कळल्यामुळे भाजलं, कापलं, चिघळलं, त्याचा तो परिणाम. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तेव्हा समाज ज्याला पाप समजत होता तो खरं तर एका ग्लिया पेशीचा संसर्ग होता. १९८०च्या दशकात आलेल्या बहुऔषधी उपचाराने तो आता सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात.

परिघातली चेता पुन्हा वाढते, मेरुरज्जूतली नाही, असं का? दोष चेतापेशीचा असावा असंच धरलं जात होतं. मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अगवायो यांनी १९८१मध्ये उंदरांच्या मेरुरज्जूला पायातल्या चेतेचा तुकडा पुलासारखा जोडला. मेरुरज्जूतल्या त्याच पेशी श्वान पेशींच्या सोबतीने त्या पुलावरून कित्येक मिलिमीटर वाढल्या आणि पुन्हा मेरुरज्जूत शिरायची वेळ येताच थांबल्या. पेशीत ताकद होती. शेजार आडवा येत होता. चेतापेशींच्या पलीकडे पाहायला लावणारा याहून स्पष्ट प्रयोग मला माहीत नाही.

शिल्लक वादांत सर्वांत तापलेला वाद मोठेपणी नव्या चेतापेशी जन्मतात की नाही, हा. १९९८मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागात त्या जन्मतात असं दाखवलं. २०१३मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४चा आधार घेऊन त्यांचा वेगही मांडला गेला : एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७००. २०१८मध्ये एका गटाला प्रौढांत एकही सापडली नाही. त्याच वर्षी दुसऱ्याला हजारो सापडल्या. भांडण मुख्यतः मृत्यूनंतर मेंदू किती तासांनी रसायनात ठेवला आणि कोणतं प्रतिपिंड रंगवायला वापरलं, यावर आहे. २०२५मध्ये विभाजन होत असलेल्या पूर्वपेशी प्रौढ मेंदूत दाखवल्या गेल्या, तेव्हा तूर्त पारडं ‘जन्मतात’ या बाजूला झुकलं आहे. पण माणसामाणसांत फरक मोठा दिसतो आणि ‘मेंदूपेशी वाढवणाऱ्या’ गोळ्यांना यातून कसलाही आधार मिळत नाही.

पेशींचे प्रकार किती, या प्रश्नाने तर पुस्तकातली आकृतीच मोडीत काढली आहे. २०२३मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने मानवी मेंदूच्या शंभरेक जागांमधली ३० लाखांहून अधिक केंद्रकं घेऊन कोणती जनुकं चालू आहेत हे वाचलं आणि ४६१ गट आणि त्यांत ३,३१३ उपगट मांडले. २०२४मध्ये हार्वर्ड आणि गूगल यांनी बाह्यपटलाच्या एका घनमिलिमीटर तुकड्याचा संपूर्ण नकाशा काढला. त्यात ५७,००० पेशी आणि १५ कोटी सिनॅप्स होते, ग्लिया चेतापेशींच्या दुप्पट होत्या आणि सर्वाधिक संख्या ऑलिगोडेंड्रोसाइटची होती. त्याच वर्षी आयआयटी मद्रासने ‘धरणी’ या नावाने गर्भावस्थेतल्या मेंदूंचे पाच हजारांहून अधिक काप जगासाठी खुले केले.

हे सगळे आकडे आले कुठून? ८,६०० कोटींचा आकडा चार मेंदूंवरून. ३,३१३ उपगट मुख्यत्वे तीन दात्यांवरून. तो घनमिलिमीटर अपस्माराच्या शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या मेंदूतून निघालेला. ‘मानवी मेंदू’ म्हणून जे छापलं जातं ते इतक्या थोड्यांवर उभं आहे, आणि त्या थोड्यांत भारतीय जवळपास नाहीत. आपलं पोषण वेगळं, संसर्ग वेगळे, म्हातारपणही वेगळं. त्याचा मेंदूतल्या पेशींवर काय परिणाम होतो, हे परदेशी मेंदू पाहून कळणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५पासून डॉ. एस. के. शंकर यांनी उभारलेली मेंदूपेढी आहे. तिच्या तोडीचा संग्रह महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी उभारायला हवा, आणि त्याची मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. शरीररचनेच्या वर्गासाठी दिलेला देह विद्यार्थ्यांच्या कामी येतो, पण त्यातल्या मेंदूच्या पेशी जनुकांच्या अशा वाचनासाठी योग्य राहत नाहीत. त्यासाठी मेंदू मृत्यूनंतर काही तासांत काढून गोठवावा लागतो, आणि तेव्हा होकार द्यायचा असतो तो घरच्यांनी. देहदानाचा किंवा नेत्रदानाचा अर्ज भरताना मेंदूदानाबद्दलही घरात बोलून ठेवा.